मोरचुदाचे पुनःस्फटिकीकरण : लोहमुक्त, कोरडे आणि टिकाऊ निळे खडे कसे मिळवावेत

बाजारातून आणलेल्या मोरचुदाचे चार खडे पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवले, तर पुष्कळदा एखादा गर्द निळा आणि एखादा किंचित हिरवट दिसतो. हिरवट छटा बहुधा हिराकसाची, म्हणजे लोहाच्या सल्फेटची असते. पण म्हणून गर्द निळा खडा शुद्धच असतो असे मुळीच नाही. जस्त, मॅग्नेशियम आणि सोडियम यांची सल्फेटे रंगहीन असल्यामुळे ती निळ्या रंगात बेमालूम लपतात. रंग पाहून शुद्धता ठरवण्याची सवय सोडल्याशिवाय पुनःस्फटिकीकरणाच्या, म्हणजे खडे गरम पाण्यात विरघळवून थंड होताना पुन्हा शुद्ध रूपात मिळवण्याच्या कामाला हात घालू नये, कारण या कामातली प्रत्येक पायरी डोळ्यांना न दिसणाऱ्या मळाशी संबंधित आहे.

मोरचूद म्हणजे तांब्याचे सल्फेट. त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे पाच रेणू बांधलेले असतात. बुरशीनाशक म्हणून त्याचा इतिहास फ्रान्समधील बोर्दो परिसराशी जोडलेला आहे. द्राक्षावरचा केवडा 1878 च्या सुमारास अमेरिकेतून युरोपात पोहोचला. पुढे 1882 मध्ये मेदोक भागातील रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना दूर ठेवण्यासाठी शिंपडलेल्या मोरचूद-चुन्याच्या मिश्रणामुळे पाने टिकून राहिल्याचे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले, आणि 1885 मध्ये त्याने ही उपाययोजना प्रसिद्ध केली. मोरचूद-चुन्याचे हेच ते बोर्डो मिश्रण. आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षबागेत, कोकण-गोव्यातील पोफळीच्या घडांवरील कोळेरोगासाठी आणि विदर्भातील संत्र्याच्या खोडाला लावायच्या बोर्डो मलमात हेच खडे वापरले जातात.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. केवळ फवारणीसाठी मोरचूद पुन्हा स्फटिकवण्याची गरज नसते. चांगल्या प्रतीचा तांत्रिक माल त्यासाठी पुरेसा आहे. शुद्ध खडे लागतात ते प्रयोगशाळेत प्रमाण द्रावण करण्यासाठी, बुरशीवरील तुलनात्मक चाचण्यांसाठी, विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी किंवा विकत घेतलेल्या मालात नेमके काय आहे ते तपासण्यासाठी. शिवाय मोरचुदाचा समावेश कीटकनाशक अधिनियम, 1968 च्या अनुसूचीत आहे, त्यामुळे बुरशीनाशक म्हणून विक्रीसाठी तो तयार करायचा असेल तर नोंदणी आणि परवाना आवश्यक ठरतो. पुढील कृती अभ्यासासाठी, अर्धा किलोच्या घाण्यासाठी लिहिली आहे.

ही कृती सगळ्याच बुरशीनाशकांना लागू पडत नाही. कॉपर ऑक्सिक्लोराइड पाण्यात विरघळत नाही आणि आम्लात विरघळवले की तो पदार्थच बदलतो. मॅन्कोझेब हे मँगनीज आणि जस्त यांचे बहुवारिक संयुग असल्यामुळे तापवल्यास वितळण्याआधीच त्याचे विघटन होते. दुकानातील तयार भुकटीत तर मूळ द्रव्याबरोबर माती, ओलकारक आणि विखुरक मिसळलेले असतात, म्हणून पाकीट फोडून त्यातून शुद्ध स्फटिक काढण्याचा खटाटोप करू नये. मोरचूद मात्र पाण्यात सहज विरघळतो, गरम पाण्यात थंड पाण्याच्या कितीतरी पट अधिक विरघळतो आणि थंड होताना नेहमी त्याच पाच पाण्यांच्या रूपात बाहेर येतो. 95 अंश सेल्सिअसच्या खाली पाण्यातून येणारे त्याचे हे एकच स्थिर रूप आहे. पुनःस्फटिकीकरण शिकण्यासाठी याहून सोयीचा पदार्थ क्वचितच सापडेल.

भांडी, पाणी आणि सावधगिरी

लोखंड, ॲल्युमिनियम, जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा पितळ यांपैकी काहीही वापरू नये. मोरचुदाच्या द्रावणात लोखंड घातले की तांबे त्यावर बसते आणि तितकेच लोखंड द्रावणात उतरते. म्हणजे जो मळ काढायचा, तोच आपण स्वतःच्या हाताने घालतो. उष्णतारोधक काचेची एक लिटर आणि दोन लिटरची चंचुपात्रे, काचेचा दांडा, काचेचे किंवा प्लास्टिकचे नरसाळे, घड्या घालण्याजोगा मोठा फिल्टर पेपर, 100 अंशांपर्यंतचा तापमापक आणि एक ग्रॅमपर्यंत अचूक असा तराजू इतके साहित्य पुरते.

पाणी ऊर्ध्वपातित घ्यावे. बॅटरीसाठी मिळणारे पाणी चालते. बोअरचे जड पाणी घेतल्यास त्यातील कॅल्शियम मोरचुदातल्या सल्फेटशी जुळून जिप्सम बनतो आणि द्रावण आटवताना निळ्या खड्यांमध्ये त्याच्या पांढऱ्या बारीक सुया दिसू लागतात.

मोरचूद पोटात गेल्यास विषारी आहे आणि डोळ्यांना तीव्र इजा करतो. हातमोजे आणि चष्मा लागतोच. स्वयंपाकघरातले भांडे, चमचा किंवा शेगडी या कामासाठी वापरू नये, आणि एकदा वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. मासे आणि पाण्यातील इतर जीवांना तांबे फार कमी प्रमाणातही घातक ठरते, त्यामुळे धुण्याचे पाणी विहीर, ओढा किंवा तलावाजवळ सांडू नये. कच्चा माल शेतीसाठीच्या ओळखीच्या दुकानातून घ्यावा. मुलामा देण्याच्या कारखान्यातील टाकाऊ द्रावणापासून केलेला स्वस्त मोरचूद कितीही चकचकीत दिसला तरी घेऊ नये, कारण त्यात निकेल किंवा शिसे असू शकते आणि येथे दिलेल्या कृतीने ते पूर्णपणे निघत नाही.

आधी हिशेब, मग आच

बहुतेकांचा पहिला घोटाळा विद्राव्यतेच्या तक्त्यापाशी होतो. तक्त्यातील आकडे बहुधा निर्जल सल्फेटचे असतात : 100 ग्रॅम पाण्यात 10 अंशांना सुमारे 17 ग्रॅम, 25 अंशांना 22 ग्रॅम, 60 अंशांना 40 ग्रॅम आणि 80 अंशांना 55 ग्रॅमच्या आसपास. आपल्या हातातला खडा मात्र निर्जल नसतो. त्याच्या वजनाचा 36 टक्के भाग पाणीच असतो आणि विरघळताना हे पाणी द्रावणात मिसळते. उलट, स्फटिक बनताना तो द्रावणातून पाणी परत घेऊन जातो. म्हणून खड्याचे वजन सरळ तक्त्याशी ताडून पाहिले की उत्तर चुकते.

अर्धा किलो खड्यांत सुमारे 320 ग्रॅम निर्जल सल्फेट आणि 180 ग्रॅम पाणी असते. त्यात 500 मिलिलिटर पाणी घातले की एकूण पाणी 680 ग्रॅम होते, म्हणजे दर 100 ग्रॅम पाण्यामागे 47 ग्रॅम सल्फेट. असे द्रावण 69-70 अंशांच्या सुमारास संपृक्त होते, म्हणजे त्यात आणखी सल्फेट मावत नाही. ते 25 अंशांपर्यंत थंड केल्यास, स्फटिकांनी नेलेले पाणी धरून, सुमारे 300 ग्रॅम खडे मिळतात; 10 अंशांपर्यंत नेल्यास 350 ग्रॅमच्या आसपास. उरलेला माल मातृद्रावात, म्हणजे स्फटिक बाहेर आल्यावर मागे राहिलेल्या द्रावणात राहतो. हे उत्पादन कमी वाटेल, पण मळ राहायला जागा हवी असेल तर मातृद्राव शिल्लक ठेवावाच लागतो. सगळे द्रावण आटवून कोरडे केले तर अर्धा किलो माल हाती येईल खरा, पण सगळ्या मळासकट.

विरघळवणे आणि लोह काढणे

500 ग्रॅम मोरचूद खलबत्त्यात भरड कुटून दोन लिटरच्या चंचुपात्रात घ्यावा आणि त्यावर 750 मिलिलिटर पाणी ओतावे. वरच्या हिशेबापेक्षा हे पाणी मुद्दाम अधिक घेतले आहे. घट्ट द्रावण गाळताना नरसाळ्यातच खडे बनतात आणि फिल्टर पेपर बंद होतो; 750 मिलिलिटर पाण्यातले द्रावण 50 अंशांच्या सुमाराला संपृक्त होत असल्यामुळे 65-70 अंशांवर ते निर्धास्तपणे गाळता येते. जास्तीचे पाणी नंतर आटवता येते. पात्र पाणबाथवर किंवा तारेच्या जाळीवर ठेवून 60 अंशांपर्यंत तापवावे आणि काचेच्या दांड्याने ढवळत राहावे. तळाशी वाळू, माती किंवा फिकट निळसर गाळ दिसला तर गोंधळून जाऊ नये, तो पुढे गाळणीत अडकतो.

आता लोहाकडे वळू. पुष्कळ पुस्तकी कृतींत ही पायरी नसते आणि त्यामुळेच दोनदा-तीनदा स्फटिकवूनही खड्यांचा हिरवटपणा जात नाही. हिराकसातील लोह द्विसंयुजी असते. त्याचे आयन आकाराने तांब्याच्या आयनाच्या इतके जवळचे असतात की स्फटिकाच्या जाळीत ते तांब्याच्या जागी बसतात. जो मळ जाळीत बसू शकत नाही, तो स्फटिक स्वतःच बाहेर ठेवतो. जो बसू शकतो, त्याला रासायनिक उपायानेच हुसकावावे लागते. त्यासाठी लोहाला त्रिसंयुजी करायचे आणि मग जलाबद्ध तपकिरी हायड्रॉक्साइडच्या रूपात खाली बसवायचे.

औषधाच्या दुकानात मिळणारे 3 टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड यासाठी पुरते. एक ग्रॅम लोहाला हिशेबाने त्याचे सुमारे 10 मिलिलिटर लागते, परंतु तांब्याच्या सहवासात पेरॉक्साइडचे विघटन झपाट्याने होत असल्यामुळे दुप्पट-तिप्पट घ्यावे. मालात 0.2 टक्के लोह आहे असे धरल्यास अर्ध्या किलोसाठी 25 ते 30 मिलिलिटर पुरेसे होते. द्रावण 50 अंशांवर आणून पेरॉक्साइड चार-पाच मिलिलिटरच्या हप्त्यांनी घालावे. प्रत्येक वेळी फसफस होते. ती ओसरल्याशिवाय पुढचा हप्ता घालू नये, नाहीतर द्रावण उतू जाते.

या क्रियेत आम्ल मोकळे होते, आणि आम्ल राहिले तर लोह खाली बसत नाही. द्रावणाचा सामू (आम्लतेचे माप, pH) साडेतीन ते चारच्या दरम्यान आला पाहिजे. त्यापेक्षा बराच वर गेला तर तांबेही बसू लागते. यासाठी धुण्याचा सोडा सरळ पात्रात घालण्याचा मोह होतो, पण मग सोडियमचा नवा मळ आत येतो. त्यापेक्षा जुन्या प्रयोगशाळांतली एक युक्ती वापरावी. पेरॉक्साइड घालण्यापूर्वीच मूळ द्रावणातून 40 मिलिलिटर बाजूला काढून ठेवावे, त्यात पाणी घालून ते पातळ करावे आणि सोड्याचे द्रावण थेंबाथेंबाने घालत हिरवट-निळा साका पूर्ण बसू द्यावा. वरचे पाणी ओतून, नवे पाणी घालून, ढवळून आणि पुन्हा बसू देऊन हा साका चार वेळा धुवावा. हे तांब्याचे आम्लारिधर्मी कार्बोनेट आहे. ते मुख्य द्रावणातले आम्ल खाते आणि मोबदल्यात केवळ तांबेच देते.

हा साका 70 अंशांवरील मुख्य द्रावणात चमच्याचमच्याने घालत जावा. सामू मोजण्याच्या कागदी पट्ट्या द्रावणाच्या निळ्या रंगामुळे येथे फसवतात, म्हणून मी खूण वेगळी ठरवली आहे : घातलेला साका सुरुवातीला लगेच विरघळतो, जेव्हा तो दहा मिनिटे ढवळूनही विरघळत नाही आणि द्रावण गढूळच राहते, तेव्हा पुरे समजावे. थोडा जादा पडला तरी बिघडत नाही, कारण तो गाळणीत थांबतो. यानंतर द्रावण 70-80 अंशांवर अर्धा तास ठेवावे. लोहाचा साका ताजा असताना जेलीसारखा असतो आणि गाळणीचा जीव काढतो. उष्णतेत राहिल्यावर तो आक्रसून थोडा दाणेदार होतो. उरलेले पेरॉक्साइडही याच वेळात नाहीसे होते.

गरम गाळण

नरसाळे आधी उकळत्या पाण्याने तापवून घ्यावे, त्यात घड्या घातलेला फिल्टर पेपर बसवावा आणि द्रावण थोडे थोडे ओतावे. पहिले 50 मिलिलिटर गढूळ आले तर ते परत वर ओतावे. कागदावर गंजाच्या रंगाचा थर दिसला की मागची पायरी नीट साधली असे समजावे. थर अगदी पातळ असेल तर माल मुळातच चांगला होता. शेवटी कागदावर 20-30 मिलिलिटर गरम पाणी ओतून अडकलेले द्रावण वसूल करावे.

गाळलेले द्रावण उजेडासमोर धरल्यास आरपार स्वच्छ दिसले पाहिजे. त्यात सौम्य सल्फ्युरिक आम्लाचे दोन मिलिलिटर घालावेत, कारण थोडेसे आम्ल नसेल तर तापवताना तांब्याचे आम्लारिधर्मी सल्फेट तयार होऊन द्रावण पुन्हा गढुळते. आम्ल सौम्य करताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे. यानंतर वजन करून ठेवलेल्या एक लिटरच्या चंचुपात्रात द्रावण घ्यावे आणि पात्राखेरीज एक किलो वजन उरेपर्यंत मंद आचेवर आटवावे. या टप्प्यावर डोळ्यांच्या अंदाजापेक्षा तराजू भरवशाचा. कडेला निळी साय जमू लागली तर ती दांड्याने आत ढकलावी.

बीज आणि थंड करण्याचा वेग

सगळ्यात जास्त चुका येथे होतात आणि बहुतेक चुकांचे मूळ घाई असते. गरम द्रावणाचे पात्र सरळ बर्फात ठेवले की क्षणार्धात निळ्या पिठासारखा गाळ बसतो. उत्पादन चांगले दिसते, पण त्या कणांच्या एकूण पृष्ठभागाला चिकटलेला मातृद्राव इतका असतो की धुऊनही जात नाही. याउलट द्रावण न ढवळता दोन दिवस शांत ठेवले तर बोटभर लांबीचे देखणे खडे येतात, पण झपाट्याने वाढलेल्या मोठ्या खड्यांच्या पोटात मातृद्रावाचे सूक्ष्म कप्पे अडकून राहतात. तोडल्यावर आतून ओलसर निघणारा खडा अनेकांनी पाहिला असेल. शिवाय असे खडे पाण्यात विरघळायला वेळ खातात आणि खलबत्त्याचे काम वाढवतात. खडीसाखरेपेक्षा बारीक आणि साध्या साखरेपेक्षा किंचित मोठा, एक-दोन मिलिमीटरचा एकसारखा दाणा हे आपले लक्ष्य असावे.

त्यासाठी बीज, म्हणजे ज्यावर नवे दाणे वाढतात अशी स्फटिकांची बारीक पूड लागते. आधीच्या घाण्यातील शुद्ध स्फटिक पाच ग्रॅम घेऊन कुटावेत, बारीक चाळणीने एकसारखी पूड काढावी आणि अगदी थोड्या थंड पाण्याने ओलसर करावी, म्हणजे दाण्यांवरची धूळ विरघळून जाते. पहिलाच घाणा असेल तर त्यातल्या त्यात स्वच्छ दिसणारे खडे निवडावेत.

द्रावणाचे पात्र 75 अंशांच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या प्लास्टिकच्या बादलीत ठेवावे आणि बादलीला गोधडी गुंडाळावी. तापमान 68 अंशांवर आले की बीज टाकून हलके ढवळावे. बीज नाहीसे झाले तर द्रावण अजून संपृक्त नाही. दोन अंश उतरू देऊन पुन्हा थोडे बीज टाकावे. बीज टाकताच सगळीकडे धुके पसरले तर उशीर झाला असे समजावे. अशा वेळी हळहळ करण्यापेक्षा द्रावण 75 अंशांपर्यंत तापवून सगळे विरघळवावे आणि पहिल्यापासून सुरुवात करावी.

थंड करण्याचा वेग सुरुवातीला अगदी कमी आणि नंतर वाढता असावा. पहिल्या तासात 68 वरून 63 अंश, दुसऱ्या तासात 55, तिसऱ्यात 42 आणि चौथ्यात 28 च्या जवळ असा उतार चांगला चालतो. याचे कारण सोपे आहे : आरंभी बीजाचा पृष्ठभाग थोडा असतो आणि तो ठरावीक प्रमाणातच सल्फेट सामावून घेऊ शकतो. त्या वेळी द्रावण भराभर थंड केले तर जास्तीच्या सल्फेटला बसायला जागा मिळत नाही, आणि ते स्वतःचे नवे सूक्ष्म कण उभे करते. दाणे मोठे झाल्यावर पृष्ठभाग वाढतो आणि वेग वाढवला तरी चालते. पहिल्या दोन तासांत गोधडी पक्की ठेवावी, मग काढावी, आणि शेवटी बादलीतले गरम पाणी थोडे थोडे काढून साधे पाणी ओतावे. या सगळ्या वेळात दांड्याने अधूनमधून, दाणे तळाला चिकटणार नाहीत इतपतच, ढवळावे. घुसळल्यासारखे ढवळल्यास दाणे एकमेकांवर आपटून मोडतात.

गाळणे आणि धुणे

25 अंशांवर आलेला निळा रवा गाळून घ्यावा. निर्वात पंप असल्यास उत्तम; नसल्यास नरसाळ्यात स्वच्छ सुती कापड घालून निथळू द्यावे आणि वरून काचेच्या बुचाने दाबावे.

दाणे कितीही निथळले तरी त्यांच्या अंगावर मातृद्राव राहतो. समजा, 300 ग्रॅम दाण्यांना 30 ग्रॅम मातृद्राव चिकटून राहिला, आणि मूळ मालातला 2 टक्के मळ, म्हणजे 10 ग्रॅम, 700 ग्रॅम मातृद्रावात साचला आहे. मग चिकटलेल्या 30 ग्रॅममध्ये सुमारे 0.43 ग्रॅम मळ येतो, म्हणजे दाण्यांत 0.14 टक्के. त्या मातृद्रावाचा नऊ-दशांश भाग धुऊन काढला की हाच आकडा 0.014 टक्क्यांवर उतरतो. एका चांगल्या धुण्याने दहापट फरक पडतो, आणि तो दुसऱ्यांदा स्फटिकवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

धुण्यासाठी साधे पाणी भरपूर ओतले तर माल वाहून जातो, कारण बर्फासारखे थंड असलेले 100 मिलिलिटर पाणीदेखील वीस-बावीस ग्रॅमपेक्षा जास्त मोरचूद पोटात घालते. त्याऐवजी आधीच्या शुद्ध घाण्यातील दाण्यांचे थंड संपृक्त द्रावण 50 मिलिलिटर घेऊन त्याने एकदा धुवावे आणि मग 15 मिलिलिटर बर्फाच्या पाण्याने वरवर. धुण्याचा द्रव दाण्यांवर मिनिटभर थांबू द्यावा, मग निथळावा. दोन छोटी धुणी एका मोठ्या धुण्यापेक्षा नेहमीच चांगली.

वाळवणे : कोरडे, पण निर्जल नव्हे

शुद्ध केलेला माल पुष्कळदा वाळवताना बिघडतो. मोरचुदाचे पाच पाण्यांचे रूप तापवल्यास सुमारे 63 अंशांवर दोन पाणी सोडते, 109 अंशांच्या आसपास आणखी दोन, आणि पाचवे 200 अंशांच्या सुमारास. ओव्हनमध्ये किंवा कढईत वाळवलेला मोरचूद म्हणूनच पांढुरका होतो.

उष्णतेखेरीज हवेचा कोरडेपणाही तेच करतो. 25 अंशांना सापेक्ष आर्द्रता सुमारे 33 टक्क्यांच्या खाली गेली की खडा हवेला पाणी देऊ लागतो. 50 अंशांना तर आर्द्रता निम्म्याच्या आसपास असली तरी तो पाणी सोडतो. म्हणजे विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात ताट वाळत घातले तर संध्याकाळपर्यंत दाण्यांवर पांढरी पिठी धरते, आणि कोकणातल्या जुलैत तेच ताट चार दिवस ओलेच राहते. दाणे फिल्टर पेपरमध्ये दाबून घ्यावेत, प्लास्टिकच्या ताटात एका थरात पसरावेत आणि खोलीत, सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर ठेवावेत. दर दोन-तीन तासांनी उलथावेत. कोरडा काचेचा दांडा दाण्यांत फिरवल्यावर त्याला काही चिकटले नाही आणि दाणे साखरेसारखे ओघळले की लगेच बरणीत भरावेत.

बरणी काचेची किंवा जाड प्लास्टिकची, झाकणही प्लास्टिकचे. ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी आत टाकण्याची सवय पुष्कळांना असते. येथे ती नुकसानच करते, कारण ती हवा कोरडी ठेवता ठेवता खड्यांतले स्फटिकजल ओढून घेते. घट्ट बंद बरणीत थोडासा ओलावा असलेला बरा. एकसारखा दाणा असल्यास गोळे कमी बनतात. बारीक धूळ मिसळलेला माल मात्र महिन्याभरात दगडासारखा आवळतो. बरणीवर नाव, तारीख आणि विष असल्याची खूण ठळक लिहावी.

तपासणी

लोहासाठी एक ग्रॅम दाणे 10 मिलिलिटर पाण्यात विरघळवून, पेरॉक्साइडचे दोन थेंब घालून उकळावे आणि थंड झाल्यावर अमोनिया भरपूर घालावा. तांबे गर्द निळ्या द्रावणात राहते, लोह मात्र तपकिरी साक्यात येते. हे द्रावण गाळून कागद सौम्य अमोनियाने निळेपणा जाईपर्यंत धुवावा. कागदावर तांबूस डाग राहिला नाही म्हणजे लोहाची पायरी साधली. अमोनियाचे काम खिडकीजवळ करावे.

स्फटिकजलासाठी पाच ग्रॅम दाणे चिनीमातीच्या मुशीत 250 अंशांना वजन स्थिर होईपर्यंत तापवावेत. 3.20 ग्रॅम पांढुरकी पूड उरली पाहिजे. त्याहून कमी उरली तर दाणे ओले होते, जास्त उरली तर त्यांनी आधीच पाणी गमावलेले होते.

तांब्याचे प्रमाण मोजायचे असल्यास एक ग्रॅम दाणे 50 मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यात पाच मिलिलिटर ॲसेटिक आम्ल आणि तीन ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड घालावे आणि सुटलेले आयोडीन 0.1 नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने, शेवटी स्टार्च वापरून मोजावे. थायोसल्फेटच्या प्रत्येक मिलिलिटरमागे 0.02497 ग्रॅम मोरचूद असतो, म्हणून शुद्ध एक ग्रॅमला 40 मिलिलिटरच्या किंचित वर लागते. लोह शिल्लक असेल तर तेही आयोडीन सोडते आणि आकडा फुगवते, म्हणून अमोनियाची चाचणी आधी.

जुन्या बरणीतला माल पांढुरका झालेला आढळला तर तो टाकून देऊ नये, पण वजन करताना सावध राहावे. निळ्या खड्यात तांबे 25.5 टक्के असते; तीन पाणी उरलेल्या रूपात ते 29.7 टक्के आणि एकच पाणी उरलेल्यात 35.8 टक्के होते. तेवढेच वजन घेतले तरी द्रावण अधिक तीव्र होते.

मातृद्रावाचे काय करावे

25 अंशांवर उरलेल्या 700 ग्रॅम मातृद्रावात सुमारे 200 ग्रॅम मोरचूद असतो. तो पुढच्या घाण्यात पाण्याऐवजी एकदा वापरता येतो, पण पुन्हा पुन्हा फिरवल्यास जस्त आणि सोडियम साचत जातात आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीत स्फटिकांतही शिरतात. कच्चा माल शेतीचाच असेल, तर त्याचे सरळ बोर्डो मिश्रण करणे शहाणपणाचे. एक टक्क्याच्या मिश्रणाला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी लागते, म्हणून 200 ग्रॅमला 200 ग्रॅम चुना आणि एकूण 20 लिटर पाणी. निम्म्या पाण्यात मातृद्राव, उरलेल्या निम्म्यात विरवून गाळलेला चुना, आणि दोन्ही थंड असताना एकत्र ओतावेत. ज्या पिकावर आणि ज्या वेळी बोर्डोची शिफारस आहे तेथेच आणि त्याच दिवशी ते वापरावे. तांबे जमिनीत कुजून नाहीसे होत नाही. युरोपीय संघाने याच कारणाने सात वर्षांत हेक्टरी 28 किलो तांब्याची मर्यादा घातली आहे.

आपण मातृद्रावात थोडे सल्फ्युरिक आम्ल घातलेले आहे, त्यामुळे नेहमीच्या मापाचा चुना कधी कधी अपुरा पडतो. घासून चकचकीत केलेले कोयत्याचे पाते मिश्रणात मिनिटभर बुडवावे. पात्यावर तांबूस पुट चढले तर मोकळे तांबे अजून शिल्लक आहे आणि ते पाने करपवील. पुट चढायचे थांबेपर्यंत चुन्याची निवळी घालत जावी.